सुरजागडच्या खाणीवर अंकुश कोणाचा?

एटापल्ली : सुरजागडच्या डोंगरात उत्तम प्रतीचे लोहखनिज आहे, हे आता कोणाला नव्याने सांगण्याची गरज उरलेली नाही. ते खनिज किती काढायचे, हे कोणी ठरवायचे आणि ठरलेले पाळले जाते की नाही, हे कोणी पाहायचे, या दोन प्रश्नांची उत्तरे मात्र एटापल्लीच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला सहजी सापडत नाहीत. ती एका कायद्यात नाहीत आणि एका कार्यालयातही नाहीत. खाणीला विरोध करणारे आणि तिचे स्वागत करणारे असे दोन्ही बाजूंचे लोक तालुक्यात आहेत. परंतु खाणीवर नियंत्रण नेमके कोणाचे, याबाबतचा गोंधळ दोघांतही सारखाच आहे.

आधी आकडे पाहू. लॉईड्स मेटल्स या कंपनीला सुरजागड येथे २००७ मध्ये ३४८.०९ हेक्टरचा खाणपट्टा मिळाला. पुढील अनेक वर्षे काम जवळपास ठप्पच होते. २०१३ मध्ये कंपनीच्या अधिकाऱ्याची नक्षलवाद्यांनी हत्या केली. डिसेंबर २०१६ मध्ये खाणीवरील सुमारे ८० वाहने जाळण्यात आली. २०२१ मध्ये मोठ्या पोलीस बंदोबस्तात उत्खननाला पुन्हा आणि खऱ्या अर्थाने वेग आला. त्या वेळी परवानगी होती वर्षाला ३० लाख टनांची. २०२३ मध्ये ती एक कोटी टनांवर गेली. २०२५ मध्ये ती २ कोटी ६० लाख टनांपर्यंत नेण्यास पर्यावरणविषयक मंजुरी मिळाली. डोंगर तोच, पट्टाही तोच. उत्खननाची मर्यादा मात्र चार वर्षांत आठपटींहून अधिक वाढली.

या आकड्याचे मोठेपण शेजारच्या गोव्याकडे पाहिले की लक्षात येते. न्या. एम. बी. शहा आयोगाच्या अहवालानंतर २०१२ मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या. २१ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्या सशर्त सुरू करण्यास मुभा दिली, तेव्हा संपूर्ण गोवा राज्यासाठी वार्षिक मर्यादा घातली ती दोन कोटी टनांची. नद्या, रस्ते, शेती आणि वस्त्या यांना किती भार सोसेल, असा प्रश्न त्या मर्यादेमागे होता. एका राज्यातील सगळ्या खाणींना मिळून जी मर्यादा न्यायालयाने घातली, तिच्याहून अधिक खनिज एटापल्ली तालुक्यातील एकाच पट्ट्यातून काढण्याची मुभा आज कागदोपत्री आहे. गोव्याची भूमी आणि गडचिरोलीची भूमी एक नव्हे, हे खरे. पण गोव्याच्या बाबतीत हा प्रश्न निदान विचारला गेला. संपूर्ण परिसराची सोसण्याची शक्ती किती, याचा हिशेब सुरजागडच्या सहाही नव्या क्षेत्रांसह एकत्रितपणे मांडला जायला हवा होता; मंजुऱ्या मात्र प्रकल्पागणिक सुट्या सुट्या दिल्या जातात.

प्रमुख आणि गौण यांतील अंतर

एटापल्ली तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखालील अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे आणि महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. ‘आमच्या गावात आमचे सरकार’ ही घोषणा ज्या कायद्याच्या बळावर दिली जाते, तो हाच. मग ग्रामसभांनी ठराव करून नाकारलेली खाण सुरू कशी राहते?

उत्तर कायद्याच्या एका शब्दात दडले आहे. पेसाने खनिजांबाबत ग्रामसभा किंवा पंचायतीची शिफारस बंधनकारक केली ती गौण खनिजांपुरती. गौण खनिजे म्हणजे रेती, मुरूम, गिट्टी, विटांची माती. लोहखनिज हे प्रमुख खनिज आहे. गावाच्या नाल्यातील रेतीचा लिलाव करायचा तर ग्रामसभेला विचारावे लागते. गावामागचा अख्खा डोंगर खणायचा तर पेसाचे हे कलम मदतीला येत नाही. जमीन संपादित करण्यापूर्वी सल्लामसलत करावी, असे पेसा सांगतो. पण सल्लामसलत आणि संमती यांत कायद्याच्या भाषेत मोठे अंतर आहे, आणि येथील जमीन बहुतांशी वनखात्याची असल्याने संपादनाचा प्रश्नही फारसा उद्भवत नाही.

प्रमुख खनिजांचा कारभार चालतो तो १९५७ च्या खाणी व खनिजे (विकास व विनियमन) कायद्याने. २०१५ मध्ये या कायद्यात दुरुस्ती झाली. यापुढे पट्टे लिलावानेच द्यायचे, असे ठरले आणि आधीच्या पट्ट्यांची मुदत ५० वर्षे धरली गेली. त्यामुळे २००७ चा पट्टा २०५७ पर्यंत चालू राहतो. आज आश्रमशाळेत पहिलीत बसलेले मूल चाळिशीच्या उंबरठ्यावर पोहोचेपर्यंत.

ग्रामसभेचे खरे बळ दुसऱ्या कायद्यात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचे आणि अन्य पारंपरिक वननिवासींचे जंगलावरील हक्क मान्य केले. ३ ऑगस्ट २००९ रोजी केंद्रीय पर्यावरण व वन मंत्रालयाने परिपत्रक काढून वनजमीन अन्य कामासाठी वळवण्यापूर्वी ग्रामसभेची संमती आवश्यक ठरवली. १८ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात निर्णय दिला आणि डोंगरिया कोंध समाजाच्या देवस्थानाचा व हक्कांचा प्रश्न ग्रामसभांपुढे ठेवण्यास सांगितले. त्याच वर्षी बारा ग्रामसभा भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटची खाण नाकारली. पुढे मंत्रालयानेही ती नाकारली.

सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे ठाणे आहे. दर जानेवारीत तेथे यात्रा भरते आणि सुरजागड पारंपरिक इलाख्यातील सत्तर गावांसह दूरदूरचे माडिया लोक तेथे येतात. नियमगिरीशी साम्य इतके उघड असताना येथे तसे का घडले नाही, असे कोणीही विचारील. त्याचे उत्तर तारखांमध्ये आहे. खाणपट्टा २००७ चा. वनहक्क कायद्याचे नियम अमलात आले १ जानेवारी २००८ पासून. संमतीचे परिपत्रक २००९ चे. आधी दिलेली परवानगी नंतरच्या कायद्याच्या चौकटीत आणायची की नाही, हा वाद आजही मिटलेला नाही. कायद्याचा आशय पाहिला तर हक्क पूर्वापार आहेत, कायद्याने ते केवळ ओळखले, अशी त्याची भूमिका आहे. तसे असेल तर तारखेचा आधार तोकडा पडतो. २००७ च्या परवानगीवर ३० लाखांचे २ कोटी ६० लाख टन होत असतील, तर प्रत्येक वाढ हा नवा निर्णय मानून त्या त्या वेळी गावांना पुन्हा विचारणे, हेच न्यायाला धरून होईल.

दरम्यान, २०२२ च्या वन (संवर्धन) नियमांनी आणखी एक बदल केला. वनहक्क कायद्याची पूर्तता झाली की नाही, हे पाहण्याची जबाबदारी केंद्राच्या अंतिम मंजुरीनंतर राज्य सरकारवर टाकण्यात आली. राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने त्याच वर्षी यास आक्षेप घेतला होता. केंद्राची मोहोर उमटल्यानंतर आणि गुंतवणूक होऊन बसल्यानंतर गावाची संमती विचारणे म्हणजे वऱ्हाड जेवून उठल्यावर मुलीला पसंती विचारण्यासारखे आहे.

सुनावणी कोठे झाली

पर्यावरणविषयक मंजुरीसाठी १४ सप्टेंबर २००६ ची अधिसूचना लागू आहे. तिच्यानुसार मोठ्या खाणीसाठी जनसुनावणी घ्यावी लागते, ती प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या निकट घ्यावी लागते, तीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. वार्षिक उत्पादन ३० लाखांवरून एक कोटी टनांवर नेण्यासाठीची जनसुनावणी २७ ऑक्टोबर २०२२ रोजी गडचिरोली येथे जिल्हाधिकारी कार्यालयात झाली. सुरजागडहून गडचिरोली शंभराहून अधिक किलोमीटरवर आहे. सुरक्षेचे कारण प्रशासनाकडे होते आणि या भागाचा इतिहास पाहता ते पोकळ म्हणता येत नाही. पण ज्या डोंगरावर रोज शेकडो माणसे व यंत्रे काम करू शकतात, तेथे एका दिवसाची सभा सुरक्षितपणे घेता येत नाही, हे गावकऱ्यांना पटवणे अवघड आहे. ‘स्थानिक भाषा’ म्हणजे व्यवहारात मराठी. घरात माडिया बोलणाऱ्या आणि मराठी जेमतेम समजणाऱ्या म्हातारीला तो सारांश कोणी वाचून दाखवावा, याविषयी अधिसूचना काही सांगत नाही.

विरोधाचा आवाज त्याआधीही उमटला होता आणि नंतरही उमटत राहिला. ऑक्टोबर २०२१ मध्ये ग्रामसभांनी एटापल्लीतच ठिय्या दिला. मार्च २०२३ पासून छत्तीसगडच्या सीमेजवळ तोडगट्टा येथे सुरजागड आणि वेनहारा इलाख्यातील ग्रामस्थ नव्या खाणींच्या विरोधात अनेक महिने बसून होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी ते आंदोलन मोडून काढले. खाणीला विरोध म्हणजे नक्षलवाद्यांना साथ, हा संशय अशा प्रत्येक वेळी हवेत असतो. ग्रामसभेचा ठराव हा कायद्याने दिलेला मार्ग आहे आणि तो वापरणाऱ्यांवर संशय घेतल्याने कायद्याचाच मार्ग बंद होतो, ही गोष्ट प्रशासनाने ध्यानात घ्यावयास हवी.

एक खाण, अनेक कार्यालये

परवानगीनंतरचा प्रश्न देखरेखीचा. खाणीचा आराखडा मंजूर करते नागपुरात मुख्यालय असलेले भारतीय खाण ब्युरो. खाणीतील कामगारांच्या सुरक्षिततेची जबाबदारी खाण सुरक्षा महासंचालनालयाची. त्याचे मुख्यालय झारखंडात, धनबादला. पाणी आणि हवेसंबंधीची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. झाडे आणि वनजमीन वनखात्याकडे. स्वामित्वधन आणि वाहतुकीचे परवाने जिल्हा खनिकर्म अधिकाऱ्याकडे. रस्ता बांधकाम खात्याकडे, त्यावरील वाहने परिवहन खात्याकडे. पावसाळ्यात डोंगरावरून लाल गाळ वाहत आला आणि भाताच्या बांध्यांत साचला, तर तक्रार यांपैकी कोणाकडे करायची? भरपाईसाठी शेतकरी तहसीलमध्ये जातो. तहसीलदार पंचनामा करू शकतो, खाणीतला गाळ अडवण्याचे बांध तपासू शकत नाही. ते तपासण्याचा ज्यांना अधिकार आहे, ती कार्यालये चंद्रपूर-नागपुरात.

मंजुरीतील अटींचे पालन कसे चालले आहे, याचा अहवाल कंपनीने दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यायचा असतो. तो जाहीरही करायचा असतो. तथापि हा अहवाल कंपनीने स्वतःविषयी लिहिलेला असतो. तो खरा की कसा, हे पाहायला नियमितपणे कोणी येईलच, अशी व्यवस्था नाही.

जगात इतरत्र हे कसे चालते, याचे एक उदाहरण अगदी वेगळ्या खाणकामातून घेण्यासारखे आहे. जमिनीखालच्या मिठाच्या जाड थरात विहीर पाडून गोडे पाणी सोडायचे, मीठ विरघळवून खारे पाणी वर काढायचे आणि तयार झालेल्या प्रचंड पोकळीत वायू, खनिज तेल किंवा हायड्रोजन साठवायचा, अशी ही पद्धत. एक घनमीटर पोकळीसाठी सात-आठ घनमीटर पाणी लागते. जर्मनीत हुंटॉर्फ येथे १९७८ पासून अशा पोकळ्यांत हवा दाबून भरून तिच्यावर वीज निर्माण केली जाते. भारतातही राजस्थानातील मिठाच्या थरांत तेल साठवता येईल का, याचा विचार चालू आहे. गडचिरोलीच्या जुन्या कठीण खडकात असे मीठ नाही, तेव्हा तो विषय येथला नव्हे. येथे उपयोगाचा आहे तो त्यामागचा नियमांचा इतिहास.

अमेरिकेतील कॅन्सस राज्यात हचिन्सन गावाबाहेर अशाच पोकळ्यांत नैसर्गिक वायू साठवला जात होता. जानेवारी २००१ मध्ये एका विहिरीच्या नळीला गळती लागली, वायू जमिनीखालून सुमारे ११ किलोमीटर दूर गावात पोहोचला आणि स्फोटांत दोघांचा बळी गेला. त्यानंतर राज्याने २००३ मध्ये कडक नियम केले. त्यांचे सार असे, की एकदा दिलेला परवाना पुरेसा नाही. नळ्या दुहेरी हव्यात, आणि प्रत्येक विहीर धड आहे, हे मालकाने ठरावीक काळाने चाचणी करून पुनःपुन्हा सिद्ध केले पाहिजे. ब्राझीलमधील मासेयो शहरात असा जागता पहारा राहिला नाही. तेथे शहराखालून मीठ उपसले गेले, २०१८ मध्ये घरांना तडे गेले आणि पुढे सुमारे साठ हजार लोकांना घरे सोडावी लागली. आपल्याकडे उलट दिशा दिसते. खाणींच्या पर्यावरण मंजुरीची मुदत २०२२ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांपर्यंत वाढवण्याची मुभा देण्यात आली.

नळातून जाणारा डोंगर

वर्षाला एक कोटी टन खनिज रस्त्याने न्यायचे म्हटले तर कामाचे तीनशे दिवस धरून रोज ३३ हजार टन होतात. तीस टनांच्या ट्रकने हजाराहून अधिक खेपा, जाणे-येणे धरून दोन हजारांवर फेऱ्या. एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्याने ज्यांनी गेली काही वर्षे प्रवास केला आहे, त्यांना या गणिताची उकल करून सांगायला नको. एसटीची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना, रुग्णवाहिकेतील बाळंतिणीला आणि रस्त्यालगतच्या कापसाला हे गणित पाठ आहे.

यावर उपाय म्हणून हेडरी येथून चामोर्शी तालुक्यातील कोनसरीच्या प्रकल्पापर्यंत सुमारे ८५ किलोमीटरची नळवाहिनी टाकण्यात आली. जुलै २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. खनिज पिठासारखे दळायचे, पाण्यात कालवून त्याची राब करायची आणि दाबाने नळातून ढकलायची. पलीकडे गाळून पाणी वेगळे करायचे आणि भुकटीच्या गोळ्या भाजायच्या. बस्तरच्या बैलाडिला भागातील किरंदूलहून विशाखापट्टणमपर्यंत २६७ किलोमीटरची अशी वाहिनी पूर्वीच झाली आहे आणि कर्नाटकातील कुद्रेमुखहून मंगळूरला खनिज असेच जाई. ट्रक कमी होतात, धूळ कमी होते, हा लाभ निर्विवाद आहे.

पण राबेत साधारणतः दोन भाग खनिज आणि एक भाग पाणी असते. म्हणजे कोटीभर टन खनिजामागे वर्षाला पन्नास लाख घनमीटर पाणी या हिशेबात येते. ते कोठून घेतले, किती परत वापरले आणि उन्हाळ्यात नदीला किती उरले, हे आकडे गावांच्या ग्रामपंचायतीत फलकावर लागले, तर निम्मे वाद आपोआप मिटतील.

नळाच्या बाबतीत कायद्याची एक खाच फारशी चर्चेत आलेली नाही. रस्ते, कालवे, नळवाहिन्या, वीजतारा अशा रेषेत जाणाऱ्या कामांना ५ फेब्रुवारी २०१३ च्या केंद्रीय परिपत्रकाने ग्रामसभेच्या संमतीतून सूट दिली. मात्र त्याच परिपत्रकात अपवाद आहे : आदिम जमातींच्या मान्य हक्कांना बाधा येत असेल, तर ही सूट नाही. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीनच जमाती या यादीत आहेत. एटापल्ली हा माडियांचा मुलूख आहे. म्हणजे अपवाद जणू याच तालुक्यासाठी लिहिलेला. तो लागू होण्यासाठी हक्क ‘मान्य’ झालेले हवेत, आणि आदिम जमातींच्या संपूर्ण अधिवासावरील हक्काची तरतूद वनहक्क कायद्यात असूनही तिचा वापर देशात फार थोड्या ठिकाणी झाला आहे. मध्य प्रदेशात दिंडोरी जिल्ह्यातील बैगांना हा हक्क २०१५ मध्ये मिळाला. सामूहिक वनहक्काचे दावे देशात सर्वांत आधी मंजूर झाले ते मेंढा (लेखा) या गडचिरोलीतीलच गावाचे, २००९ मध्ये. या जिल्ह्याला वाट नवी नाही.

पैसा कोणाच्या गावात

खाणीमुळे रोजगार आला, कोनसरीत पोलाद प्रकल्प उभा राहिला, ही वस्तुस्थिती आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी जमशेदजी टाटांचे लक्ष चांदा जिल्ह्यातील लोहाऱ्याच्या लोहखनिजाकडे गेले होते. पण कारखाना झाला तो साकचीला. तेव्हा हुकलेली संधी या वेळी हुकू नये, असे येथील तरुणांना वाटले तर नवल नाही.

खाणीच्या उत्पन्नातील गावाचा वाटा जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून येतो. २०१५ पूर्वीच्या पट्ट्यांसाठी स्वामित्वधनाच्या ३० टक्के इतकी रक्कम कंपनीने प्रतिष्ठानात भरायची असते. लोहखनिजाचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या १५ टक्के आहे. समजा, टनामागे चार हजार रुपये भाव धरला, तर स्वामित्वधन सहाशे रुपये आणि प्रतिष्ठानाचा वाटा १८० रुपये. कोटी टनांवर हा वाटा १८० कोटींवर जातो. २०२४ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार यातील किमान ७० टक्के रक्कम थेट बाधित क्षेत्रात, म्हणजे खाणीपासून १५ किलोमीटरच्या आत, खर्च व्हावयास हवी. या वर्तुळात कोणती गावे येतात, त्यांची यादी आणि गावनिहाय खर्च मागण्याचा अधिकार प्रत्येक ग्रामसभेला आहे. अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या आराखड्यांना ग्रामसभेची मान्यता अभिप्रेत आहे.

तेंदूपत्ता, बांबू आणि मोह यांवर गावांचा जो संसार चालतो, त्याचा हिशेब अद्याप कोणत्याही मंजुरीत रुपयांत मांडलेला नाही. तो मांडण्याचा मार्ग ग्रामसभांच्या हाती आहे : वनहक्क नियमांप्रमाणे निम्म्या सदस्यांची उपस्थिती आणि उपस्थितांत एक तृतीयांश महिला, इतकी गणपूर्ती करून घेतलेला ठराव, गावाच्या शिक्क्यासह उपविभागीय समितीकडे. पोच घ्यायला विसरू नये, असे वनहक्काचे दावे भरून हात पोळलेले जुने कार्यकर्ते सांगत असतात. कंपनीचा सहामाही अहवाल १ जून आणि १ डिसेंबरला निघतो, तेव्हा त्याची मराठी प्रत प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे त्याच वेळी मागता येईल.